मधमाश्यांचं पान

आम्ही तिजोऱ्या भाजतो. कोणी विचारलं काय काम करता, तर मी हेच सांगते. लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "आमच्या घरी एक आहे हो, तिला आग लागली तर काही होत नाही ना?" मी म्हणते, होतं. प्रत्येक तिजोरीला होतं. प्रश्न एवढाच की किती वेळाने. आगीत कधीच न जळणारी तिजोरी जगात नाही, अर्धा तास टिकणारी आहे, एक तास टिकणारी आहे, दोन तास टिकणारी आहे. ते तास ठरवून दारावर पत्र्याची पट्टी ठोकू द्यायची की नाही, हे आमच्या शेडमध्ये ठरतं. पट्टी बघून माणूस घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले आत ठेवतो आणि निर्धास्त झोपतो.

आमच्या शेडमध्ये एक माणूस होता, ज्याचं काम जळकी पानं वाचणं हे होतं. सगळे त्यांना प्रूफकाका म्हणत. त्यांच्याबद्दल लिहायचं मी चार महिने टाळते आहे. टाळण्याचं कारण त्यांच्यात नाही, माझ्यात आहे.

आधी काम सांगते, म्हणजे माणूस कळेल. आमची भट्टी एखाद्या खोलीएवढी आहे, भिंतींतून बर्नर निघतात. तिजोरी मध्ये ठेवायची, पाठीमागच्या बारीक भोकातून तापमान मोजायच्या तारा आत सोडायच्या, दार लावायचं आणि भट्टी पेटवायची. तासाभरात तिजोरीबाहेरचं तापमान नऊशे अंशांच्या वर जातं. आतल्या तारांनी एकशे सत्याहत्तरच्या वर जायचं नाही, कारण त्याच्या पुढे कागद करपायला लागतो. तास झाला की बर्नर बंद. नवीन माणसाला इथे वाटतं, झालं, सुटलो. आग विझते, पण तिजोरीच्या भिंतींत भरलेली उष्णता आत चढतच राहते. कधी चार तास, कधी सहा. किती तरी तिजोऱ्या आगीत पास होतात आणि आग विझल्यावर नापास होतात. म्हणून भट्टीचं दार उघडायचं नाही, आकडे उतरेपर्यंत माझ्यासारखीने पडद्यासमोर बसून राहायचं. काही तिजोऱ्या तर तापवून तीन मजल्यांवरून विटांच्या ढिगावर आपटायच्या आणि पुन्हा तापवायच्या. पेटलेल्या इमारतीचा मजला खचला तर काय, म्हणून. ते आपटणं बघायला ऑफिसातले सगळे खाली येतात, एरवी कोणी फिरकत नाही.

हे सगळं यंत्रं मोजतात. पण नियमांच्या पुस्तकात शेवटची अट अशी आहे की आत ठेवलेला कागद हाताळता आला पाहिजे आणि वाचता आला पाहिजे. आता 'वाचता आला पाहिजे' हे कोणत्या तारेने मोजायचं? काका यायच्या आधी यावरून रोज भांडणं होत. तिजोरी बनवणारा पान डोळ्यांपुढे धरून म्हणे, "हे काय, स्वच्छ दिसतंय." आमचे लोक म्हणत, "कुठे दिसतंय?" एकदा तर एका कारखानदाराने पान आमच्या साहेबांच्या नाकाला लावलं आणि ते नाकावरच फुटलं. त्या दिवशी साहेबांनी ठरवलं की वाचायला बाहेरचा, ज्याचं कोणाशी देणंघेणं नाही असा माणूस आणायचा.

काका एका छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासत होते. छापखाना बंद पडला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दारोदार अर्ज करत ते आमच्याकडे आले, तेव्हा मी इथे नव्हते. ऐकलेलं असं की साहेबांनी त्यांना एक करपलेलं पान दिलं आणि म्हणाले, वाचा. काकांनी वाचलं. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथे एक शब्द आहे. काय असणार ते मला कळतंय, पण दिसत नाही. म्हणून वाचत नाही." साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

मी पाच वर्षांनी आले. भट्टीच्या कामाला आलेली पहिलीच बाई, त्यामुळे पहिला महिना सगळे मला काचेचं भांडं समजून वागत होते. काकांनी तसं केलं नाही. पहिल्या आठवड्यात मी एक आकडा अंदाजाने भरला, एकशे बेचाळीस. मधल्या दहा मिनिटांत तार सैल झाली होती, आधी एकशे एकेचाळीस होतं, नंतर एकशे त्रेचाळीस, मग मध्ये दुसरं काय असणार? काका वहीवर वाकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा आकडा तू पाहिलास?"

"म्हणजे... तोच असणार ना काका."

"असणार हे तुझ्या सासूला सांग. इथे पाहिलास की नाही तेवढंच."

माझं लग्नही झालं नव्हतं. सगळे खो खो हसले. मी रागाने लाल झाले आणि तो आकडा खोडला. पण त्या दिवसापासून मी कधी न पाहिलेला आकडा लिहिला नाही, आणि त्या दिवसापासून मला काका आवडायला लागले. नंतर त्यांच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं. काकू मला बघून नेहमी म्हणत, "आली बाई ह्यांची लेक. आता दोघं मिळून माझ्या भाजीतल्या चुका काढा." त्यांना मूलबाळ नव्हतं.

वाचायची एक पद्धत काकांनीच घालून दिली होती. तिजोरीत तीन पानं ठेवायची. एक तळाला, एक मधल्या खणात, एक दाराजवळ, कारण उष्णता दाराच्या फटीतून शिरते आणि दाराजवळचं पान सगळ्यात आधी बोंबलतं. वाचणाऱ्याने पान आधी पाहिलेलं असता कामा नये. म्हणून ऑफिसात पान निवडायचं, त्याची जोडीची प्रत पाकिटात बंद करून मोहोर लावायची. तिजोरी उघडली की काका मोठ्याने वाचणार आणि नोंदी ठेवणारा, ज्याला आम्ही पेन्सिल म्हणतो, तो जोडीची प्रत काढून शब्दाशब्दावर खुणा करणार. शंभरातले पंच्याण्णव शब्द आले तर पास. काका वाचायला लागले की शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असायची.

आता आमचा मूर्खपणा सांगते. आमचा, एकट्या काकांचा नव्हे.

सुरुवातीला पेन्सिल कुठल्याही जुन्या पुस्तकातलं पान फाडून द्यायचा. कधी गुळगुळीत कागद, कधी खरखरीत, कधी शाई अशी तर कधी तशी. कारखानदार ओरडायला लागले की तुमचा कागदच नासका, आमच्या तिजोरीचा काय दोष? म्हणणं रास्त होतं. सगळ्यांना एकच कागद, एकच शाई द्यायला हवी होती. काका म्हणाले, आमच्या बंद छापखान्याच्या गोदामात छापलेले पण पुस्तकात न बांधलेले हजारो फर्मे पडून आहेत, मधमाश्या कशा पाळाव्यात या पुस्तकाचे. एक टेम्पोभर आणले. पुस्तक बत्तीस पानांचं, पण चित्रांनी भरलेलं. चित्र नसलेलं, वरपासून खालपर्यंत भरगच्च मजकुराचं पान एकच होतं, सतरावं. साहजिकच पेन्सिल प्रत्येक वेळी तेच काढायचा.

नऊ वर्षं आम्ही ते एकच पान वापरलं. नऊ वर्षं पेन्सिलने इमानदारीत पाकीट बंद केलं, मोहोर लावली, काकांना खोलीबाहेर उभं केलं आणि काकाही निमूटपणे उभे राहिले. ज्या पानाचं मुद्रित त्यांनी तरुणपणी तीनदा तपासलं होतं, ते पान त्यांना दिसू नये म्हणून! मी शपथेवर सांगते, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हा विचार आला नाही. नियम पाळला जातोय ना, मग झालं. शहाण्यांनी भरलेली शेड होती ती.

यंदा एक गोल चेहऱ्याचा कारखानदार आला होता. घरगुती तिजोरी करायचा, लहानशी, पलंगाखाली मावेल अशी. तिला एक तासाची पट्टी हवी होती. दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा दाराजवळचं पान करपलेलं. दर वेळी स्वतः यायचा, भट्टीपासून लांब स्टुलावर बसायचा आणि रुमालाची घडी घालायचा, उघडायचा, पुन्हा घालायचा. तिसऱ्यांदा दाराच्या फटीतलं सील बदलून आणलं. आतला आकडा चढत चढत एकशे एकूणसत्तरला थांबला. बर्नर बंद होऊन पाच तास झाले होते. आकड्यात पास.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. तिजोरीच्या भिंतींत जो मसाला भरतात त्यात पाणी धरलेलं असतं, आगीत त्याची वाफ होते आणि तीच आतला गारवा राखते. त्यामुळे पानं ओलसर निघतात, कडा तपकिरी होतात. तळाचं पान काकांनी वाचलं. मधलं वाचलं. मग दाराजवळचं. खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. पोळ्याची जागा कशी निवडावी, उन्हाची दिशा, वाऱ्याची दिशा, राणी म्हातारी झाली हे कसं ओळखावं. पेन्सिल खुणा करत गेला. शंभरातले शंभर. गोल चेहऱ्याच्या माणसाने काकांचे दोन्ही हात धरले.

कागदावर दोन सह्या लागतात. वाचणाऱ्याची एक, भट्टीवालीची, म्हणजे माझी, एक. माझ्या सहीच्या वर छापलेलं असतं, 'पान स्वतः पाहिले. वाचता येते.' सगळे कारखानदाराभोवती जमले होते, मी बाजूला होऊन पान उचललं.

वरचा भाग ठीक होता. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात कागद शाईइतकाच तपकिरी झाला होता. मी ते उजेडाला धरलं, तिरकं केलं, जवळ आणलं. म्हाताऱ्या राणीच्या परिच्छेदातले मला चार शब्द लागले. फार तर पाच. बाकी काही नव्हतंच तिथे.

पहिल्यांदा वाटलं, काकांची नजर माझ्याहून तयार आहे. दुसऱ्याच क्षणी कळलं की असं काही नाही. मला आठवलं, गेले वर्षभर जिना उतरताना ते कठडा चाचपतात. काकूंनी पुढ्यात ठेवलेली वाटी मान वाकडी करून, डोळ्यांच्या कडेने बघतात. मी हे सगळं पाहिलं होतं आणि वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

मला लाज वाटली. त्यांची लाज वाटली, हे आधी कबूल करते. ज्या माणसाने मला एका आकड्यावरून सगळ्यांसमोर उभं केलं, तो सगळ्यांसमोर उघडा पडणार होता, माझ्या तोंडून, त्या कारखानदाराच्या देखत. टेबलावर चहाचे कप ठेवले जात होते. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "काय, झाली का सही?"

मी सही केली. पान नोंदीसाठी जपून ठेवायच्या पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि चहा घेतला. त्यांची लाज तिथे झाकली गेली आणि माझी सुरू झाली.

प्रमाणपत्र छापून यायला पंधरा दिवस लागतात. ते आलं की त्या तिजोऱ्यांवर पट्ट्या लागणार आणि त्या लोकांच्या पलंगांखाली जाणार. मला झोप लागेना. आईने विचारलं, काय झालंय तुला, अन्न गोड लागत नाही का? मी तिच्यावरच खेकसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. बोलायचं तर दोघं जाणार होतो. काकांचं नाव जाणार होतं आणि माझी नोकरी. गप्प बसायचं तर कोणाच्या तरी मुलांचे दाखले जाणार होते. मी स्वतःशी म्हणत राहिले की आधी खात्री करून घेऊ. खात्री! ती मला त्या क्षणीच झाली होती. मला फक्त आणखी थोडे दिवस भ्याडासारखं जगायला निमित्त हवं होतं.

नवव्या दिवशी मी जे केलं ते त्या सहीहूनही वाईट होतं. मी घरी एक पान टाइप केलं. तशाच कागदावर, तेवढ्याच ओळी, तेवढ्याच मापाचं अक्षर. पहिल्या दोन ओळी मधमाश्यांच्या आणि पुढे सगळं सायकलची साखळी कशी साफ करावी याचं. छोट्या ओव्हनमध्ये ते हलकं तपकिरी केलं, मला आरामात वाचता येईल इतपतच. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाल्यावर काकांना बोलावलं आणि म्हटलं, "काका, एका नमुन्याचं पान राहिलंय. जरा बघता?"

त्यांनी चष्मा पुसला, पान दोन्ही हातांत धरलं आणि वाचायला सुरुवात केली. पोळ्याची जागा, उन्हाची दिशा, वाऱ्याची दिशा. साखळी सुरू झाली तिथेही वारा आणि ऊनच वाहत राहिलं. म्हातारी राणी आली. ती अंडी कमी घालते, कामकरी माश्या तिच्याभोवती पूर्वीसारख्या जमत नाहीत. त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता की मीच पानाकडे पुन्हा पाहिलं. तिथे रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशबद्दल लिहिलेलं होतं.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचू दिलं.

"पास," ते म्हणाले. "चांगलं निघालंय."

"काका, हे मधमाश्यांचं पान नाही."

ते हसले. "काहीतरीच काय. सतरावं आहे."

"नाही काका. मी टाइप केलंय. सायकलची साखळी आहे त्यात."

त्यांनी पान जवळ नेलं, लांब नेलं. मान वाकडी करून कडेने पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बराच वेळ गेला. मग एका शब्दावर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर जोडत, पहिलीतल्या पोरासारखे म्हणाले, "ब्र... श." त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता चिडतील, मला चार शब्द सुनावतील. मी वाट बघत होते, मला हवेच होते ते.

"मला दिसत होतं गं," ते म्हणाले. "खरंच दिसत होतं. राणी दिसत होती."

त्यांनी मला फसवलं नव्हतं. कोणालाच फसवलं नव्हतं. डोळ्यांनी मधला भाग सोडून दिला होता आणि पाठांतराने तो भरून दिला होता, इतका बेमालूम की त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नाही. डॉक्टरांकडे ते गेले होते, सव्वा वर्षापूर्वी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यावर बिघाड आहे, वाढणार. काकांनी ते काकूंनाही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, रस्ता अंधुक दिसतो, माणसं अंधुक दिसतात, पण पान तर अजून लख्ख दिसतं. म्हणजे कामापुरती नजर देवाने ठेवली आहे.

मग त्यांनी विचारलं, "त्या गोल चेहऱ्याच्या माणसाचं दाराजवळचं पान. ते कसं होतं?"

"खालचा भाग गेलेला असावा," मी म्हटलं.

"असावा?"

"मी नीट पाहिलं नव्हतं, काका. घाईत होते."

ते खुर्ची चाचपत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "साहेबांना सांग, मला दुपारी भेटायचंय. त्या कारखानदारालाही बोलवा. मी सांगतो. तू सांगू नकोस, मी सांगतो."

दुपारी साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब, पेन्सिल, गोल चेहऱ्याचा कारखानदार, काका आणि मी. काकांनी उभं राहून सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, पाठांतराचं, सगळं. आवाज तोच, वाचतानाचा. पेन्सिल मधेच म्हणाला, "पण पाकिटाला तर मोहोर असते ना!" आणि मग स्वतःच गप्प झाला. कारखानदाराच्या हातातला रुमाल घडी न होताच राहिला. साहेबांनी आधी सारवासारव केली. आकडा तर एकशे एकूणसत्तर होता, यंत्र काय खोटं बोलतं? काका म्हणाले, "यंत्राला वाचता येत नाही, साहेब. पाकीट उघडा."

पाकीट उघडलं. पान हातोहात फिरलं. माझ्या हातात आल्यावर मी ते असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. किती छान जमलं मला ते!

साहेबांनी विचारलं, "हे पान तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिलं होतं का?"

प्रश्न काकांना होता. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. माझ्या सहीच्या वर काय छापलेलं असतं ते त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं, तरी साहेबांनी विचारलं त्यांना. मला वाटलं काका शब्द शोधतायत. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथलं लाकूड थोडं उचकटलेलं होतं.

"नाही," काका म्हणाले. "कोणी नाही. मीच घडी घालून पाकिटात टाकलं. तिच्या हातात दिलंच नाही, नुसता सहीचा कागद पुढे केला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली तिने. पोरीची काही चूक नाही. उलट आज तिनेच हे पकडलं."

साहेब माझ्याकडे वळले. "बरं झालं तुमच्या लक्षात आलं ते," म्हणाले. "इतकी वर्षं कोणाच्या आलं नाही. यापुढे वाचन तुमच्याच देखरेखीखाली होईल." कारखानदार उठला, मला म्हणाला, "ताई, माझ्या तिजोऱ्या लोकांच्या घरी जायच्या आत सांगितलंत. मी विसरणार नाही." तिसऱ्यांदा नापास झालेला माणूस माझे आभार मानत होता.

मी म्हटलं, "आभारी आहे." हेच शब्द. माझ्या कानांनी ऐकले.

त्यानंतर दोन वर्षांतली एक्केचाळीस पाकिटं उघडली. सहा पानं वाचण्यासारखी नव्हती. त्या सहा कंपन्यांना पत्रं गेली, पट्ट्या परत मागवल्या. कोणाचं काही जळालं नाही, निदान आमच्यापर्यंत तरी आलं नाही. आता प्रत्येक वेळी वेगळा मजकूर त्याच कागदावर छापून घेतो आणि बाहेरचे दोन अनोळखी वाचक येतात. मी त्यांच्यावर देखरेख करते. काकांना साहेबांनी निरोप समारंभ देऊ केला होता, ते आले नाहीत. शेडमध्ये त्यांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "म्हातारा बिचारा पाठ म्हणायचा!" आणि हसतात. मी मूग गिळून बसते. एकदा तर मीही हसले.

तीन महिने मी त्यांच्या घरी गेले नाही. मागच्या आठवड्यात काकूंचाच फोन आला, "काय गं, आम्ही मेलो की काय तुला?" तेव्हा गेले. काका गॅलरीत बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. म्हणाले, काकू रोज पेपर वाचून दाखवतात, आणि चुकीचा वाचतात.

मी जाताना मनाशी घोकून गेले होते. बसल्याबरोबर सांगून टाकलं, एका दमात, नाही तर पुन्हा राहिलं असतं. "काका, मी त्या दिवशी पान पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं. उजेडाला धरून. आणि मग सही केली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पान न पाहता सही करणारी तू नव्हेस. अकरा वर्षं बघतोय तुला."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

आत काकू भांडी लावत होत्या.

"सांगणार तू होतीस ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मला तोही चालला असता. "त्यांनी विचारलं, आणखी कोणी पाहिलं का. तेव्हा मी थांबलो होतो की. चांगला थांबलो होतो. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल."

मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत राहिले.

"मग म्हटलं, नाही बोलत," काका म्हणाले, "आणि बोललो मी."